धुतलेल्या निगेटिव्ह आणि जुनी सिने-रिळं आयात करताना कोणता एचएस कोड टाकायचा?

लंडनहून न्हावा शेव्याला येणाऱ्या तुमच्या खोक्यात निगेटिव्ह, माउंट केलेल्या स्लाइड, कागदी फोटो आणि 16 मिमीची रिळं आहेत, आणि वाशीचा सीएचए (कस्टम्सची कागदपत्रं करणारा एजंट) सगळ्याला सरसकट 3702 हा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, टाकू म्हणतोय. टाकू देऊ नका. 3702 म्हणजे कोरा, प्रकाश न लागलेला रोल. इन्व्हॉइसवर ‘फिल्म’ एवढाच शब्द दिसला की हा कोड पडतो, आणि मग तपासणीत निघालेला माल कागदाशी जुळत नाही.

कस्टम्स टॅरिफचा 37 वा अध्याय फिल्मच्या अवस्थेप्रमाणे रचलेला आहे. 3701 ते 3703 कोरा माल. फोटो काढलाय पण रोल अजून धुतला नाही, तर 3704. धुतलेल्या प्लेट आणि फिल्म 3705 मध्ये, पण सिने-फिल्म सोडून. तिला स्वतंत्र 3706 आहे. म्हणजे तुमच्या निगेटिव्ह आणि स्लाइड 3705 00 00. स्लाइडला पुठ्ठ्याची चौकट आहे की प्लास्टिकची, याने काही बदलत नाही. मायक्रोफिल्म आणि धुतलेली एक्स-रे फिल्मही इथेच.

कागदावरचे फोटो मात्र या अध्यायातून बाहेर पडतात. ते 4911 91 खाली जातात. 49 व्या अध्यायाच्या पहिल्याच टिपेत पारदर्शक आधारावरच्या निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह वगळल्या आहेत, त्यामुळे दोघांतली सीमा अगदी स्पष्ट आहे: आरपार दिसतं ते 37, कागद असेल तर 49. सोबत स्कॅन भरलेला पेनड्राइव्ह असेल तर तो 8523.

रिळांसाठी रुंदी बघा, छिद्रांच्या पट्ट्यांसकट. 35 मिमी किंवा जास्त असेल तर 3706 10; 16 मिमी, 8 मिमी, सुपर 8 असेल तर 3706 90. आवाजाची पट्टी असो वा नसो, मुख्य कोड 3706 च. आठ आकडी आयटम मात्र चालू टॅरिफमधून रिळागणिक बघून घ्या.

खरा गोंधळ होतो तो 35 मिमीच्या सुट्या तुकड्यांत, कारण स्टिल कॅमेरा आणि सिनेमा दोघांची पट्टी सारखीच रुंद. तुकडा उजेडासमोर धरा आणि एका चौकटीलगतची एका कडेची छिद्रं मोजा. साध्या कॅमेऱ्याच्या 36×24 मिमी चौकटीला 8 छिद्रं लागतात, सिनेमाच्या नेहमीच्या चौकटीला 4. हाफ-फ्रेम कॅमेऱ्यातही 4 च येतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन चौकटी ताडून बघा: जवळजवळ एकसारख्या दिसल्या तर सिने-फिल्म, वेगवेगळे प्रसंग दिसले तर 3705.

त्याच वेळी कडेवरची अक्षरंही वाचा. 35 मिमीचं रीळ 1950 च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल, तर ते नायट्रेटचं असू शकतं. नायट्रेट फिल्म धोकादायक मालात मोडते, तिचा धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक यूएन 1324. ती साध्या घरगुती सामानात पाठवणं आगीला आमंत्रण आहे, तेव्हा लंडनमध्येच बाजूला काढायला सांगा.

आता बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे भरायचं विवरण. हे मिश्र खोकं म्हणजे किरकोळ विक्रीचा ‘संच’ नव्हे, म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळी ओळ द्या, नग आणि किंमत वेगळी. वर्णन असं: ‘एक्सपोज्ड अँड डेव्हलप्ड स्टिल निगेटिव्ह, 35 मिमी, इतके तुकडे’. फेसलेस असेसमेंटमध्ये तुमचं बिल दुसऱ्या शहरातला अधिकारी तपासू शकतो. माल त्याच्या समोर नसतो, असतं ते फक्त तुमचं वर्णन. म्हणून पाठवणाऱ्याकडून प्रत्येक प्रकाराचा स्पष्ट फोटो आणि पॅकिंग लिस्ट मागवून ई-संचितवर (कस्टम्सची कागदपत्रं ऑनलाइन चढवायची सोय) चढवा. शंका राहिलीच तर फर्स्ट चेक मागा. त्यात आधी माल उघडून बघतात आणि मग आकारणी होते. वेळ जास्त लागतो, पण घोळ टळतो.

3702 चं बिल आधीच भरलं असेल तर माल सुटण्याआधी कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. माल सुटल्यावर दुरुस्ती फक्त त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदपत्रांच्या आधारेच मिळते, नंतर मागवलेलं पत्र चालत नाही.

एखादा रोल न धुतलेला निघाला तर त्याची ओळ 3704 ची करा. त्याच्या डब्यावर ‘उघडू नये, एक्स-रे स्कॅन नको’ अशी ठळक इंग्रजी चिठ्ठी हवी, कारण तपासणीत डबा उघडला की आतली प्रतिमा कायमची गेली.