एका ग्रेडने हुकलं तर?

‘ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, गेली 14 वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला आहोत. लेकीने यंदा ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावीसारखी परीक्षा दिली, मॅथ्स, केमिस्ट्री आणि फिजिक्स. केमिकल इंजिनिअरिंगसाठी पहिल्या पसंतीच्या युनिव्हर्सिटीची ऑफर तीन ‘ए’ची आहे आणि इन्शुरन्स म्हणून, म्हणजे पहिली हुकली तर हाताशी, धरलेली दुसरी ए-बी-बीची. फिजिक्सचा दुसरा पेपर फार वाईट गेला. तेव्हापासून ती खोलीतून जेवायलासुद्धा धड खाली येत नाही. ह्यांचं स्वतःचं इंजिनिअरिंग पीसीएमच्या दोन मार्कांनी हुकलं होतं, वर्ष गेलं होतं. तेच आता म्हणतात, “एका ग्रेडपायी हिचंही वर्ष जाणार.” सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, “पेढे कधी वाटायचे?” 8 ऑगस्टची भारताची तिकिटं काढून ठेवली आहेत. एक ग्रेड कमी पडली तर युनिव्हर्सिटी घेते का हो? आम्ही आत्ताच ईमेल करून सगळं सांगावं का?’

– एक आई, रेडिंग

प्रिय मैत्रिणी,

घेतात. नेहमी नाही, सगळीकडे नाही, पण एका ग्रेडने हुकलेल्या मुलांना दरवर्षी घेतात. आज रात्री निदान एवढं मनात धरून झोपा.

तुमच्या घरातल्या भीतीचं मूळ मला रेडिंगमध्ये दिसत नाही, ते सांगलीत आहे. तुमच्या ह्यांच्या वेळी कॉलेजच्या बोर्डावर मेरिट लिस्ट लागायची. यादी जिथे संपली तिथे सगळं संपलं. आजही आपल्याकडे सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये दशांशचिन्हाच्या पुढच्या आकड्यावर कॅप राउंडची सीट जाते, आणि ती कॉम्प्युटर देतो. त्याला कोणी विचारायला जाऊ शकत नाही. ज्या माणसाचं वर्ष दोन मार्कांनी गेलं, त्याला लेकीच्या ऑफरमध्येही कट-ऑफच दिसणार. त्यांच्यावर रागावू नका.

पण ऑफर म्हणजे कट-ऑफ नव्हे. तिथे तुमच्या मुलीचा अर्ज कोणीतरी वाचलेला आहे आणि ती हवी आहे असं आधीच ठरवलेलं आहे. ग्रेडची अट नंतर येते. ती पुरी झाली तर युनिव्हर्सिटीला जागा द्यावीच लागते. पुरी झाली नाही तर निर्णय त्यांच्या हातात असतो, आणि तो माणसं घेतात. निकाल त्यांना काही दिवस आधी गुप्तपणे कळलेला असतो. किती मुलांनी अट पुरी केली, किती खुर्च्या रिकाम्या राहतायत, एका ग्रेडने हुकलेल्यांत कोण कोण आहे, हे सगळं समोर ठेवून ते बसतात.

खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण शाळा प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे अर्जासाठी आधीच वर्तवलेले ग्रेड, सढळ हाताने देतात. 2016 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या एका अभ्यासात दिसलं की जेमतेम 16 टक्के अर्जदारांचे ग्रेड शाळेने वर्तवले तसे आले, आणि सुमारे 75 टक्क्यांचे त्याहून कमी आले. युनिव्हर्सिट्यांना हे पक्कं ठाऊक आहे. शिवाय इंग्लंडमध्ये 2015 पासून सरकारने विद्यार्थीसंख्येवरची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे ज्या कोर्सला जागा आहे तिथे चांगली मुलगी परत पाठवण्यात त्यांचंच नुकसान. मेडिसिनचं तसं नाही. तिथे जागा सरकार ठरवतं, म्हणून हात आखडता. ऑक्सफर्ड-केंब्रिजही कडक. तुमच्या लेकीचा विषय सुदैवाने यातला नाही.

आता एक काम करा. ऑफरचं पत्र उघडा आणि तिला मोठ्याने वाचायला सांगा. नुसतं ‘तीन ए’ लिहिलंय की ‘मॅथ्स आणि केमिस्ट्री धरून तीन ए’? केमिकल इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी मॅथ्सवर डोळा असतो, बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्रीवरही. फिजिक्समध्ये ‘बी’ आला आणि ते दोन ‘ए’ शाबूत राहिले, तर ते हुकणं वेगळं आणि मॅथ्समध्ये हुकणं वेगळं. सायन्सच्या विषयांत प्रॅक्टिकलचा ‘पास’ वेगळा मागितलाय का, तेही बघा. ती ओळ पुष्कळ जण वाचतच नाहीत.

आणि फिजिक्सचा ‘बी’ अजून आलेला नाही. तीन पेपर असतात, ग्रेड तिन्हींच्या बेरजेवर ठरते, आणि ग्रेडच्या सीमारेषा उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर आखतात. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर रेषा खाली येते.

ईमेल? नको. ‘पेपर वाईट गेला’ असं कळवून काही मिळत नाही. परीक्षेच्या दिवशी ती आजारी असेल किंवा घरात काही मोठं घडलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग शाळेला आजच विचारा की परीक्षा मंडळाला कळवलं होतं का, आणि युनिव्हर्सिटीलाही निकालाच्या आधीच कळायला हवं, नंतर नाही.

तिकिटं मात्र बदला. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर, गुरुवारी लागतो. सकाळी आठला यूकासचं, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज सांभाळणाऱ्या संस्थेचं, ऑनलाइन हब उघडतं तेव्हा सांगलीत दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. तिकडे घरभर पाहुणे, वायफायचा भरवसा नाही, आणि तिने परदेशातून फोन लावून ताटकळायचं? गुरुवार इथे काढा आणि पुढच्या आठवड्यात निघा. सासूबाईंना तारीख सांगा आणि खरं कारणही सांगा: निकालानंतर येतोय, आल्यावर पेढे आपण मिळून आणू.

त्या सकाळी हबवर ग्रेड दिसत नाहीत, फक्त जागा मिळाली की नाही ते दिसतं. ग्रेड शाळेकडून कळतात. म्हणजे फिजिक्सला ‘बी’ आहे हे कळण्याआधी प्रवेश पक्का झाल्याचं कळू शकतं. कधी युनिव्हर्सिटी दुसराच कोर्स देऊ करते, किंवा फाउंडेशन वर्ष, म्हणजे आधी तयारीचं एक जादा वर्ष, धरून तोच. ते घ्यायचं की नाही हे तिने ठरवायचं आणि न घेण्यात काही अपमान नाही. पहिल्या पसंतीने नाही म्हटलं आणि ए-बी-बीची अट पुरी होत असेल, तर इन्शुरन्सची जागा आपोआप तिची होते. म्हणजे वर्ष जाण्याआधी मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, हे ह्यांना कागदावर काढून दाखवा.

काहीच निर्णय दिसत नसेल तर तिने फोन करायचा. तिने, तुम्ही नव्हे. मी हे स्वानुभवाने सांगतेय. माझ्या मुलाचे दोन ग्रेड कमी पडले होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने विजेच्या बिलाच्या पाकिटाच्या मागे यूकासचा नंबर, तिन्ही ग्रेड, जीसीएसईचा (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा) मॅथ्सचा ग्रेड आणि दोनच वाक्यं लिहून ठेवली होती: हाच विषय का हवा, आणि ज्या विषयात ग्रेड घसरला तिथे नेमकं काय झालं. पहिल्या युनिव्हर्सिटीचा फोन लागला तेव्हा त्याचा आवाज चिरकला, म्हणून मी त्याच्या हातातून फोन घेतला. पलीकडची बाई नम्रपणे म्हणाली, “मला विद्यार्थ्याशीच बोलावं लागेल.” त्यांचा नियमच तसा आहे. मुलाने आधी नाव देऊन ठेवलेलं असेल तरच आईवडिलांशी बोलतात, आणि तेव्हाही मुलाशी बोलणं त्यांना जास्त आवडतं. मी फोन परत दिला आणि परसात जाऊन उभी राहिले. ती जागा नाही मिळाली. पण क्लिअरिंगमधून, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्याच्या फेरीतून, त्याच विषयाला दुसऱ्या युनिव्हर्सिटीत मिळाली, त्याच सकाळी. तो पुढचं सगळं आपलं आपण बोलला, त्या पाकिटाकडे बघत.

क्लिअरिंग म्हणजे उरलंसुरलं, असं आपल्या मंडळींत म्हणतात. ते मनातून काढून टाका. नावाजलेल्या रसेल ग्रुपमधल्या कित्येक युनिव्हर्सिट्यांचे कोर्स त्या दिवशी तिथे असतात. एकाहून जास्त ठिकाणी फोन करून तोंडी ऑफर घेता येतात, हबवर मात्र एका वेळी एकच भरता येते, म्हणून घाईने भरू नये. हॉस्टेलचं काय, हे त्याच फोनवर विचारावं. क्लिअरिंगने आलेल्यांना खोलीची हमी बऱ्याचदा नसते.

ग्रेडच्या रेषेला अगदी थोडे मार्क कमी पडले, तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते, आणि प्रवेश अडलेल्यांसाठी तातडीची सोयही आहे. त्याच दिवशी शाळेला सांगायचं आणि युनिव्हर्सिटीलाही कळवायचं की फेरतपासणी चालू आहे. 31 ऑगस्ट ही अट पुरी करण्याची शेवटची तारीख. मार्क कमीही होऊ शकतात, हे तिला आधी सांगा.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र तीनदा वाचलं ते लिहिते. पत्रात ह्यांचं वाक्य आहे, सासूबाईंचं वाक्य आहे, तुमचे दोन प्रश्न आहेत. लेकीचं एकही वाक्य नाही. पेपर वाईट गेला, हे तिनेच सांगितलं असणार, पण त्यापुढे ती काय म्हणाली? तिला ती पहिलीच युनिव्हर्सिटी हवी आहे का अजून? इन्शुरन्सचं गाव तिला आवडलं होतं का? मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही युनिव्हर्सिटी बघायला गेला असाल, तर परतीच्या गाडीत ती कशाबद्दल जास्त बोलत होती?

17-18 वर्षांची मुलगी जेवायला खाली येत नाही, तेव्हा बऱ्याचदा तिला टेबलावरचे चेहरे बघवत नसतात. उद्या ताट वर घेऊन जा. वरण-भात, लिंबाची फोड, दोघींचं एकाच ताटात. ग्रेडचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला तर ऐका, आणि “होईल सगळं नीट” असं लगेच म्हणू नका. तिला वाईट वाटू द्या थोडं, तिने दोन वर्षं मेहनत केलीय. झोप आणि जेवण असंच राहिलं, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं काही बोलली, तर निकालाची वाट न बघता जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन करा.

आणि ह्यांना एक सांगाल? त्यांनी त्यांच्या गेलेल्या वर्षाची गोष्ट तिला सांगावी. ‘तुझंही तसंच होणार’ म्हणून नको. ते वर्ष कसं काढलं, कोणाकडे राहिले, पुढच्या जूनला काय झालं, तेवढीच. ती गोष्ट तिने अजून ऐकलेली नसावी, असं मला वाटतं.

गुरुवारी दुपारी, काहीही झालं तरी, मला दोन ओळी लिहा. मी वाट बघेन.

तुमची,
ताई