'गिल्ट देणं' आणि आपला जुना त्रागा

मालवणच्या एका ताईंनी विचारलंय. नोकरी मुंबईत, यंदा गणपतीला रजा मिळत नाही. तसं कळवल्यापासून घरून फोन चालू आहेत: 'आजीने अन्न सोडलंय', 'काकांनी कलमांची बाग गहाण टाकून शिकवलं ते ह्याच्यासाठी?' सगळे ह्याला 'गिल्ट देणं' म्हणतात, पण मराठी शब्द आहे का? आणि तो गिल्ट न घेण्याला काय म्हणायचं?

शब्द आहे, फक्त आपण तो बोथट करून ठेवलाय: त्रागा. 'उगाच त्रागा करू नकोस' म्हणजे आज चिडचिड करू नकोस, इतकंच. जुना त्रागा भयंकर होता. स्वतःला इजा करून घ्यायची, निदान तशी धमकी द्यायची, आणि त्याचं पाप समोरच्याच्या माथी येईल ह्या भीतीने मागणी मान्य करून घ्यायची. घाव स्वतःवर, नेम दुसऱ्यावर. धरणं हे त्याचंच भावंड. आता ते कचेरीसमोर मंडप घालून होतं. पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसे, आणि तो तिथे मेला तर हत्येचं पाप त्या घराला, अशी समजूत. कायद्यालाही ही तऱ्हा पक्की ठाऊक होती. १८६०च्या, २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ५०८ त्याचंच होतं: दैवी कोप ओढवेल अशी भीती घालून एखाद्याकडून काही करून घेणं हा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. त्याखाली दोन उदाहरणं होती. एकात माणूस दारात धरणं धरून बसतो, दुसऱ्यात 'ऐकलं नाहीस तर माझंच मूल मारीन' म्हणतो. (आजीला कलम लावायला जाऊ नका. पण अन्न सोडणं बसतं ह्याच घराण्यात.)

काकांची बाग हा त्रागा नव्हे. ते उपकार काढणं, आणि हेतू मिंधं करण्याचा. 'अपराधगंड' इथे कामाचा नाही. तो मनाची अवस्था सांगतो, ती कुणी लादली ते सांगत नाही.

आता नकार. 'माझी शपथ आहे तुला' म्हणणाऱ्याकडून 'सुटली म्हण' असं वदवून घ्यायची सोय आपल्याकडे आहे, पण ती किल्ली शपथ घालणाऱ्याच्याच हातात. स्वतःच्या हातातलं क्रियापद हवं तर 'बधणं'. गंमत म्हणजे ते बहुतेक नकारातच भेटतं: बधला नाही, बधत नाही. फोनवर अर्थात 'माका जमाचा नाय' एवढंच पुरे. मालवणीत त्यापुढे कारण जोडायची सक्ती नाही.

फक्त वाक्य जपून करा. 'मी आजीला बधले नाही' ह्यात आजीच उडवून लावल्यासारखी होते. 'आजीच्या त्राग्याला बधले नाही' म्हटलं की नकार त्राग्यापुरता राहतो, आणि दिवाळीत तिच्या पाया पडायला जायची वाट मोकळी राहते.