एसएमपीएस अडॅप्टर लावला की मीडियम वेव्हवर घरघर : उपाय काय?

राउटरचा अडॅप्टर लावला की आजोबांचा रेडिओ घरघरतो, असं तुम्ही म्हणता. आमच्या इंदूरच्या घरीही हेच रामायण झालं होतं.

एसएमपीएस, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं सर्किट. अडॅप्टरमधला मॉस्फेट (हा इलेक्ट्रॉनिक स्विच) साधारण 65 किलोहर्ट्झने चालू-बंद होतो. त्याच्या पटीतल्या लहरी, म्हणजे दहावी 650 वर, अकरावी 715 वर, थेट मीडियम वेव्हमध्ये पडतात. वायरी अँटेनाचं काम करतात.

आधी रेडिओ सेलवर चालवून अडॅप्टरपासून दोन-तीन मीटर लांब न्या. निम्मी तक्रार तिथेच मिटते. मग अडॅप्टरची डीसी वायर फेराइट रिंगमधून (चुंबकीय सिरॅमिकचं कडं) सात-आठ वेढे घेऊन काढा, अगदी अडॅप्टरजवळ. वायरीवर नुसती अडकवायची फेराइट क्लिप इथे फारशी कामाची नाही, कारण तिच्यात वायर एकदाच जाते आणि परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. रिंग मँगनीज-झिंक फेराइटची मागा; जुन्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधली फिल्टर चोकची (गोंगाट अडवणाऱ्या गुंडाळीची) रिंगही चालते (पिवळी-पांढरी नको, ती लोखंडी पावडरची असते).

तरीही राहिलं तर अडॅप्टर बदला. स्वस्त मालात इनपुटचा फिल्टर चोक आणि एक्स कपॅसिटर (मेन्सच्या दोन वायरींमधला) सरळ गाळलेले असतात. आतला वाय कपॅसिटर (मेन्स आणि आउटपुट यांच्यामधला) मात्र साध्या कपॅसिटरने बदलू नका. तो फुटून शॉर्ट झाला तर मेन्सचा करंट थेट आउटपुटवर येतो.