‘आता या वयात कुठे शिकायला जाऊ?’

कलाक्षेत्रातली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती “मला शिकायचंय” असं म्हणत क्वचितच येतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात बोलणं तुटलंय, अशी सुरुवात असते. हे गृहस्थही तसेच आले. वय अडतीस, पुण्यात प्रकाशयोजनेचं काम. प्रायोगिक नाटकं, अधूनमधून एखादा व्यावसायिक दौरा, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात तीन-चार हौशी संस्थांचे लाईट्स. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झोपेसाठी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. एका तालमीत दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “नव्या कन्सोलवर प्रोग्रॅमिंग जमतं ना तुम्हाला?” कन्सोल म्हणजे प्रकाशाचे बदल आधीच नोंदवून ठेवता येणारा संगणकीय बोर्ड. हे “हो” म्हणून बसले आणि रात्रभर यूट्यूब पाहत राहिले. प्रयोग पार पडला, तो थिएटरच्या ऑपरेटरने सांभाळून घेतलं म्हणून. तेव्हापासून फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

“मॅडम, मी दिवे कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरच्या दांड्यांचा माणूस. दांडा किती सरकवायचा ते बोटांना कळायचं. आता एका वायरीतून ५१२ चॅनल जातात. पोरं राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, ललित कला केंद्रातून शिकून येतात. मी शिकलो एका ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून. आता या वयात कुठे शिकायला जाऊ?”

हाच प्रश्न मला नृत्याचे क्लास घेणाऱ्या बाईंनी विचारलाय, संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्यांनीही. वयाचं नाव सगळेच घेतात. माझ्या मते घोडं बहुतेकदा दुसरीकडेच अडलेलं असतं. नोकरदाराला ट्रेनिंगला पाठवतात तेव्हा त्याचा पगार चालू असतो. इथे हिशेब नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक. आठवडाभराची कार्यशाळा म्हणजे तेवढ्या नाईट्स बुडाल्या, शिवाय आपल्या जागी उभा राहिलेला पोरगा दिग्दर्शकाला आवडला तर? ही भीती खोटी नाही. तिच्यावर ‘सकारात्मक विचार करा’ हा उतारा मी देत नाही, आणि देणाऱ्यांचा मला रागच येतो.

वयाचं तेवढं आम्ही कागदावर तपासलं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला साधारण तिशीपर्यंतची अट असते, म्हणजे ते दार बंद. पण केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) २५ ते ४० वयासाठी आहे, दरमहा १०,००० रुपये, दोन वर्षं. आणि चाळिशी उलटली तर ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती, तीही दोन वर्षं, दरमहा २०,००० रुपये. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. “म्हणजे म्हातारं झालं की दुप्पट?” तसंच म्हणा! मात्र हा पैसा क्लासच्या फीसाठी मिळत नाही. आपला विषय मांडावा लागतो, त्यावर काम करून अहवाल द्यावे लागतात.

“माझा कसला विषय? मी लाईट्स करतो.”

मी त्यांना क्यूची, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला प्रकाश बदलायचा त्याची, वही घेऊन यायला सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी टेबलावर ठेवलेली वही लांबट, पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर चहाचे डाग असलेली होती. एका पानावर होतं: ‘क्यू १४. अंबर ४०. ती बसली की. घाई नको.’ घाई नको म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यावर ते बराच वेळ बोलले. ती नटी बसायच्या आधी पदर सावरते, प्रकाश तिथे सुरू करायचा, म्हणजे ती टेकते तेव्हा तो पोचलेला असतो. वेगळी नटी आली की वेळ वेगळी. वहीच्या मागच्या पानांवर दौऱ्यातल्या नाट्यगृहांची टिपणं होती: कुठे किती डिमर बंद, कुठल्या गावात अर्धे स्पॉट घरून न्यावे लागतात, कुठे विंगेतून साईड लाईट मारताच येत नाही.

इतकी वर्षं दौरे करून जमा झालेली ही माहिती कुठल्याही अभ्यासक्रमात मिळायची नाही. विषय तोच होता. त्यांना मात्र ती वही म्हणजे शिक्षण नसल्याचा पुरावा वाटत होती.

तरी कन्सोल येत नाही ही उणीव खरीच होती. वही कितीही मोलाची असली तरी तिने ती भरून निघत नाही, हे मी स्पष्ट बोलले. त्यासाठी डिप्लोमा नको होता, कोणाच्या तरी शेजारी बसायला हवं होतं. ज्येष्ठांकडे ते शिकले तसंच. अडचण एवढीच की या खेपेला शेजारचा माणूस त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. “त्याच्या हाताखाली?” या दोन शब्दांवर आमचं एक अख्खं सत्र गेलं. फोनवर काय बोलायचं त्याची तालीमसुद्धा केली. शेवटी त्यांनी त्या मुलाला सरळ विचारलं. परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी असतात, तेव्हा सकाळी रिकाम्या थिएटरमध्ये बसायचं ठरलं. नाईट बुडाली नाही. मुलगा त्यांना ‘दादा’ म्हणतो आणि चुकलं की बिनदिक्कत सांगतो.

अर्जाचं काम जास्त रेंगाळलं. ‘उद्दिष्टे’ हा रकाना दिसला की त्यांची भाषा सरकारी व्हायची. मग मी विचारायचे आणि ते सांगतील तसं त्यांची बायको लिहून घ्यायची. ती शाळेत शिक्षिका आहे, खाडाखोड तिलाच शोभते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही कलांसाठी अनुदान देणारी संस्था भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते, हे कळल्यावर मराठीत एक मसुदा आधी तयार झाला. त्यात क्यू १४ आहे. अशा अर्जांचे निकाल उशिरा लागतात, नकारही येतात, तेव्हा नव्या कामांना ‘हो’ म्हणणं थांबवू नका असं बजावलंय. आता कन्सोलचा प्रश्न आला तर ते म्हणतात, “शिकतोय, ऑपरेटर सोबत द्या.” त्यावरून एक काम गेलं. बाकीची राहिली.

गेल्या भेटीत नवीच अडचण घेऊन आले. त्या मुलाला दौऱ्याच्या पानांची झेरॉक्स हवी होती. द्यावी का? मी विचारलं, तो तुमच्याकडून शिकवण्याचे पैसे घेतो का? नाही घेत. मग पानं द्या, म्हटलं. पण तो ज्या संस्थेच्या कार्यशाळेत शिकवतो तिथे तुमचं एक सत्र लावायला सांगा, आणि मानधन आधी ठरवा. मानधनाचा आकडा मात्र त्यांना अजून तोंडाने उच्चारता येत नाही. सध्या आम्ही त्यावर काम करतोय.