'कमिटी हॅज' की 'कमिटी हॅव'?

'द कमिटी हॅज डिसायडेड' हेच शुद्ध, असे शिकलेल्या एका वाचकांना ब्रिटिश वृत्तपत्रात 'द कमिटी हॅव डिसायडेड' असे वाक्य आढळले आणि यांपैकी चूक कोणते, असे त्यांनी विचारले आहे. चूक यांपैकी एकही नाही. मराठीत क्रियापद नामाच्या वचनाला बांधलेले असते. 'संघ जिंकला' म्हणताना अकरा खेळाडू डोळ्यांसमोर असले, तरी 'संघ जिंकले' म्हणताच संघ एकाहून अधिक होतात. इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, समूहवाचक नामाचे रूप एकवचनी असूनही बोलणाऱ्याला समूह एकसंध दिसतो की त्यातली माणसे सुटी सुटी दिसतात, यावर क्रियापदाचे वचन ठरू शकते. ज्यूरीने एकमुखाने निर्णय दिला तर 'हॅज', आणि ज्यूरीतच दुमत झाले तर 'आर डिव्हायडेड', असा तेथे कल दिसतो. अमेरिकी इंग्रजी अशा ठिकाणीही बहुधा एकवचनच पसंत करते. ब्रिटिश क्रीडावार्तांत मात्र 'इंग्लंड आर बॅटिंग' हे इतके रुळलेले आहे की तेथे 'इज' वाचताना वाक्य देशाविषयी आहे की संघाविषयी, असा क्षणभर संभ्रम पडावा.

ही मोकळीक सरसकट नाही, आणि माझ्या मते खरी गंमत येथेच आहे. क्रियापद अनेकवचनी झाले तरी नामाआधीचे दर्शक विशेषण जागचे हलत नाही. 'धिस कमिटी हॅव' ब्रिटिश कानाला चालते, 'धीज कमिटी' कोणालाच चालत नाही. तसेच, जे विधान केवळ समूहालाच लागू पडते, तेथे अनेकवचन टिकत नाही. 'द कमिटी कन्सिस्ट्स ऑफ फाइव्ह मेंबर्स' या वाक्यात 'कन्सिस्ट' खटकते, कारण पाच जणांची मिळून बनलेली असते ती समिती. एकेक सदस्य नव्हे.

लेखनात अधिक आढळणारा दोष वेगळाच आहे. 'द टीम हॅज अनाउन्स्ड देअर कॅप्टन' या वाक्यात क्रियापद संघाला एक मानते आणि सर्वनाम अनेक. बोलण्यात हे खपून जाते, पण औपचारिक लेखनात 'हॅज' घेतल्यास 'इट्स' आणि 'हॅव' घेतल्यास 'देअर' असा मेळ राखावा. संबंधी सर्वनामही त्याच ओघात येते: 'द फॅमिली विच हॅज', पण 'द फॅमिली हू हॅव'.

'पोलीस' आणि 'कॅटल' यांच्याबाबत निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. ही नामे रूपाने एकवचनी दिसली तरी त्यांचे क्रियापद अनेकवचनीच असते. समितीच्या बाबतीत एकवचन अर्थाला जुळत नसेल आणि अनेकवचन कानाला खटकत असेल, तर 'द मेंबर्स ऑफ द कमिटी हॅव' असे लिहावे. तीन शब्द वाढतात, पण अमेरिकी वाचकही त्यावर बोट ठेवणार नाही.