लोक पळाले का नाहीत?

दोन अंकांपूर्वी हिरोशिमाविषयीच्या एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत अमेरिकी विमानांच्या बॉम्बफेकीने टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली. मूळ उत्तरापेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना आज उत्तरं देते. मी इतिहासाची अभ्यासक नाही, जपानीची दुभाषी आहे. नव्वदच्या दशकात तीन वर्षं टोकियोच्या सुमिदा नदीपलीकडच्या भागात एका आजींच्या घरी भाड्याने राहत होते. त्या रात्री त्या बारा वर्षांच्या होत्या. पुढे जे लिहिते आहे त्यातलं काही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं आहे, आणि बाकीचं नंतर वाचून ताडून घेतलेलं.

एका रात्रीत एक लाख, आणि तेही साध्या बॉम्बने? आकडा फुगवलेला तर नाही?

नाही. पोलिसांनी त्या वेळी नोंदवलेले मृत ८३,७९३. पण जिथे अख्खं कुटुंब गेलं, शेजारही गेला, तिथे ‘आमचं माणूस हरवलं’ हे सांगायला चौकीपर्यंत जाणार कोण? शिवाय कित्येक जण नदीतून समुद्राकडे वाहून गेले. म्हणून एक लाखाच्या आसपास हा आकडा आज बहुतेक सगळे धरतात. बेघर झालेले दहा लाखांच्या घरात.

‘साधा बॉम्ब’ या शब्दावर मात्र मी थोडी अडून बसणार आहे. कोतो भागात किता-सुना इथे या हल्ल्यांवरचं एक छोटं संग्रहालय आहे. एम-६९ हा बॉम्ब मी तिथे पाहिला. षट्कोनी पोलादी नळी, लांबी जेमतेम हातभर, जाडी मनगटापेक्षा थोडी जास्त. शेपटीला कापडाच्या पट्ट्या, खाली येताना तोंड जमिनीकडे राहावं म्हणून. आत नापाम, म्हणजे घट्ट केलेलं पेट्रोल. अशा ३८ नळ्यांची एक मोळी. ती हवेतच, सुमारे सातशे मीटर उंचीवर सुटायची आणि नळ्या विखरून पडायच्या. छपरातून आत घुसल्यावर क्षणभर काही होत नसे. मग नळीच्या मागच्या तोंडातून पेटतं नापाम कित्येक मीटर लांब फेकलं जाई आणि जिथे लागेल तिथे चिकटून जळत राही. त्या कापडी पट्ट्याही उतरता उतरता पेटायच्या. आजी म्हणायच्या की आभाळातून पेटत्या चिंध्या येत होत्या, आणि खोटं का बोलू, क्षणभर फार सुंदर दिसलं.

ही नळी कुणी घाईगर्दीत बनवलेली नव्हती. १९४३ मध्ये अमेरिकेत युटाच्या वाळवंटात, डगवे इथल्या चाचणी-तळावर, जपानी घरांची एक वस्तीच उभारण्यात आली. नकाशे काढायला अँटोनिन रेमंड हा वास्तुरचनाकार होता. त्याने अनेक वर्षं खुद्द जपानमध्ये इमारती बांधल्या होत्या. आत तातामी चटया अंथरल्या, घरातलं सामानही ठेवलं. मग ती घरं जाळली, पुन्हा बांधली, पुन्हा जाळली. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची जाड, घट्ट विणलेली चटई. मी तीन वर्षं तिच्यावर झोपले. पावसाळ्यात तिला गवताचा ओला वास येतो. ती किती वेळात पेट घेते हे मोजणारी माणसं डोळ्यासमोर आणली की आजही माझ्या पोटात कालवतं.

आता ती रात्र. नोव्हेंबर १९४४ पासून पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवरून बी-२९ ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं टोकियोवर येत होती, पण दिवसा, नऊ हजार मीटरच्या आसपास उंचीवरून, विमान-कारखान्यांवर नेम धरून. नेम लागत नव्हता. खाली ढग आणि वर ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरचे वारे. (हे वारे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकातच मोजले होते आणि जगाला कळावं म्हणून एस्पेरान्तो भाषेत छापलेही होते. कुणी वाचलं नाही.) जानेवारी १९४५ मध्ये या विमानांचे अमेरिकी प्रमुख हॅन्सेल यांना हटवून कर्टिस लमे यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी सगळं उलटं केलं. रात्री जायचं, दीड ते पावणेतीन हजार मीटर इतक्या खालून जायचं, विमानातल्या बंदुकांचा दारूगोळा उतरवायचा आणि त्या वजनाचे आगीचे बॉम्ब भरायचे. कारखान्यावर नेम धरणं सोडून द्यायचं. लक्ष्य ठरलं शितामाची, सुमिदाच्या दोन्ही काठांवरची कामगार आणि कारागिरांची वस्ती. दर चौरस किलोमीटरला सुमारे ४० हजार माणसं, सगळी लाकडी घरांत. २७९ विमानांनी सुमारे १,६६५ टन बॉम्ब टाकले. वायव्येचा वारा घोंघावत होता. ४१ चौरस किलोमीटर शहर जळालं.

मी निवृत्त अग्निशमन जवान आहे. आग दिसली की माणूस आधी पळतो, हे मी आयुष्यभर पाहिलं. मग हे लोक पळाले का नाहीत?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नेमका हाच प्रश्न मी आजींना विचारला होता. त्या हातातली सुरी खाली ठेवून म्हणाल्या, “पळायची परवानगी नव्हती ना.”

मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. तसं नव्हतं. जपानमध्ये १९३७ साली हवाई संरक्षण कायदा झाला, आणि १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या काही दिवस आधी, त्यात दुरुस्ती झाली. शहर सोडून जाण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आपल्या इमारतीला आग लागली तर तिथल्या माणसांनी ती विझवायचीच, हे बंधन आलं. मोडलं तर शिक्षा. सरकारी पत्रकांतून शिकवलं जाई की आगीचा बॉम्ब भिण्यासारखा नाही. ओली चटई टाका, वाळू टाका, विझतो. प्रत्येक गल्लीत तोनारिगुमी, म्हणजे आठ-दहा घरांचा शेजारगट. महिन्यातून कितीदा तरी कवायत: रांगेने बादल्या पुढे द्यायच्या, बांबूला दोऱ्यांचा झुपका बांधलेल्या झाडूने ठिणग्या झोडपायच्या. कवायतीला कोण आलं नाही हे शेजारी पाहत असत. शिधापत्रकावरचं धान्यही त्याच गटातून मिळायचं. तेव्हा पळून जाणं म्हणजे नुसता कायदा मोडणं नव्हतं. उद्यापासून गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नव्हती.

तुम्ही आग विझवण्यात हयात घालवली आहे. एम-६९ समोर बादलीभर पाण्याचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आजी खरं तर त्या रात्री टोकियोत असायलाच नको होत्या. १९४४ च्या उन्हाळ्यात शाळकरी मुलांना गटागटाने खेड्यात पाठवलं होतं, त्यात त्याही होत्या. पण सहावीचं वर्ष संपत आलं. निरोप समारंभ आणि पुढच्या शाळेसाठी सहावीची पुष्कळ मुलं मार्चच्या सुरुवातीला परत आणली गेली. आजी परतल्या आणि पाचव्या रात्री बॉम्ब पडले. पहिला बॉम्ब रात्री १२ वाजून ८ मिनिटांनी पडला. हल्ल्याचा भोंगा वाजला १२ वाजून १५ मिनिटांनी. ती सात मिनिटं आजी कधी विसरल्या नाहीत. भोंगा वाजेपर्यंत खिडकी लाल झाली होती.

वडील बादली घेऊन गल्लीत गेले. गटात त्यांची पाळी होती. आईने दाराबाहेरच्या सिमेंटच्या हौदात मुलीची टोपी बुडवून तिच्या डोक्यावर ओढली. बोकूझुकिन म्हणतात त्या टोपीला: जुन्या कपड्यात कापूस भरून शिवलेली, कानांवरून खांद्यांपर्यंत येणारी. वरून पडणाऱ्या कौलांपासून वाचवण्यासाठी ती चांगली. पण ठिणग्यांच्या वाऱ्यात ती वाळली की कापूस आतून धुमसायला लागतो, आणि घालणाऱ्याला ते कळतही नाही. समोर चाललेल्या बाईच्या पाठीवरच्या बाळाची टोपी पेटलेली आजींनी पाहिली. त्यांनी ओरडून सांगितलं. वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. याच्यापुढे त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सगळे कोतोतोई पुलाकडे धावत होते. अलीकडच्यांना वाटलं पलीकडे वाचू, पलीकडच्या असाकुसावाल्यांना वाटलं अलीकडे वाचू. दोन्ही लोंढे पुलाच्या मध्यावर भिडले, मागे वळायला जागा उरली नाही, आणि आग नदीवरून आडवी गेली. नदीत उड्या घेतलेले मार्चच्या पाण्यात गारठून आणि बुडून मेले. आजींच्या आईने गर्दी पाहून पाय मागे घेतला. एक भाग आधीच जळून काळा झाला होता. ती मुलीला घेऊन त्या गरम राखेत जाऊन बसली, कारण जे जळून गेलं ते पुन्हा जळत नाही. असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी गल्ली कुठे होती ते हौदांच्या रांगेवरून ओळखलं. वडील सापडले नाहीत.

पुलाची १९९२ साली दुरुस्ती झाली तेव्हा निघालेले जुने दगड नदीकाठच्या सुमिदा बागेत ठेवले आहेत. आजी मला तिथे घेऊन गेल्या होत्या. दगडावर हात ठेवायला मात्र त्यांनी मला मनाई केली.

ही विमानं भारतातूनही उडत होती असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. मारियाना बेटं हाती येण्याआधी, १९४४ मध्ये, बी-२९ चे तळ खरगपूर, चाकुलिया या भागात होते. तिथून हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूजवळ उतरायचं, तिथून जपान. १५ जून १९४४ च्या रात्री यावाताच्या पोलाद कारखान्यावर गेलेली विमानं अशीच गेली. पेट्रोलचा प्रत्येक थेंब हिमालयावरून विमानानेच न्यावा लागे, त्यामुळे हा मार्ग परवडला नाही, आणि १९४५ च्या सुरुवातीला ती विमानंही मारियानाला हलवली.

जपानने चीनमध्ये काय केलं ते विसरायचं का? आणि या बॉम्बफेकीने युद्ध संपलं, लाखो जीव वाचले, हे तरी मान्य कराल?

विसरायचं नाही. जपानी विमानांनी १९३८ पासून चीनमधल्या चोंगचिंग शहरावर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. मे १९३९ मध्ये दोन दिवसांत तिथे हजारो माणसं मेली, तीही आगीतच. शहरं जाळण्याचा धडा टोकियोच्या राज्यकर्त्यांनी आधी दुसऱ्यांवर गिरवला होता. पण चोंगचिंगचा हिशोब टोकियोच्या होंजो भागातल्या त्या बाळाच्या टोपीने चुकता होतो, हे मला कुणी कितीही पटवलं तरी पटणार नाही. घराघरांत यंत्रांचे सुटे भाग बनत होते, म्हणून ती वस्ती लक्ष्य, असं लमे यांच्या बाजूने सांगितलं जातं. छोटे कारखाने होते, हे खरंच आहे. पण त्या रात्री नेम कारखान्यावर नव्हता, वस्तीच्या दाटीवर होता.

युद्ध संपल्याचं म्हणाल, तर तारखा पाहा. १८ मार्चला सम्राट हिरोहितो स्वतः त्या राखेतून फिरून गेले. युद्ध थांबलं नाही. नागोया, ओसाका, कोबे तोवर जळून झाली होती. पुढे साठाहून अधिक शहरं जळाली, त्यात ऑगस्टच्या सुरुवातीला तोयामा जवळजवळ संपूर्ण. १४ ऑगस्टच्या रात्री, शरणागतीचा निर्णय झाल्यानंतर, कुमागाया जाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सम्राटांचं भाषण रेडिओवर लागलं. अमेरिकेच्याच युद्धोत्तर पाहणीने निष्कर्ष काढला की अणुबॉम्ब नसता, रशिया उतरला नसता, तरी १९४५ संपायच्या आत जपान शरण आला असता. बॉम्बफेकीने जपान खिळखिळा केला यात शंका नाही. सागरी सुरुंगांनी आणि पाणबुड्यांनी तोडलेल्या धान्य-तेलाच्या वाटांचा त्यात मोठा वाटा होता. पण शहरं जळताना पाहून राज्यकर्त्यांचं मन पालटलं, असं मला तारखांमध्ये दिसत नाही. पालटायला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने बादल्या घेऊन उभ्या असलेल्यांनी भरले.

१९६४ साली याच कर्टिस लमे यांना जपान सरकारने आपल्या हवाई दलाच्या उभारणीतल्या मदतीबद्दल मोठा किताब दिला. माजी सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना युद्धानंतर निवृत्तिवेतन मिळालं. कायद्याने गल्लीत उभं केलेल्या आजींच्या वडिलांसारख्यांच्या घरच्यांना काही नाही. २००७ मध्ये वाचलेल्या आणि आप्त गमावलेल्या शंभराहून अधिक जणांनी सरकारवर दावा लावला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो फेटाळला गेला. टोकियो महानगर प्रशासनाचं नियोजित स्मृती-संग्रहालय १९९९ मध्ये गुंडाळलं गेलं. मी वर सांगितलेलं किता-सुनाचं संग्रहालय लोकांनी वर्गणी काढून २००२ मध्ये उभं केलं.

आजींचा त्या दाव्यात सहभाग नव्हता. त्या दरवर्षी १० मार्चला योकोआमिचो बागेत जात. १९२३ च्या भूकंपात होरपळलेल्यांच्या अस्थींसाठी बांधलेल्या तिथल्या सभागृहात हवाई हल्ल्यांतल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या अस्थीही ठेवल्या आहेत. २००१ मध्ये त्याच बागेत फुलझाडांनी झाकलेलं एक स्मारक झालं. मृतांच्या नावांची यादी त्याच्या आत ठेवली आहे, बाहेरून वाचता येत नाही. पुढे एकदा कामासाठी टोकियोत होते तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. फुलांसमोर उभं राहून त्यांनी वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं आणि त्याला जोडून जुना पत्ताही सांगितला: वॉर्ड, मोहल्ला, घराचा क्रमांक. पत्ता कशाला, असं मी परतताना विचारलं.

“एका नावाची पुष्कळ माणसं असतील ना आत,” त्या म्हणाल्या.