शू करताना मिरची लागते

सातपूरहून आलेली ती आई खुर्चीत नीट बसायच्या आतच म्हणाली, "मॅडम, दोन कामं आहेत. हिचं पोट दुखतं, ते एक. आणि पुढच्या आठवड्यात हिच्या शाळेत तुम्ही ते काय शिकवणार आहात ना, ते तिसरीच्या पोरांना नका शिकवू."

(मी समुपदेशक आहे. शाळांमध्ये लहान मुलांना शरीराची ओळख आणि सुरक्षितता यांचे तासही घेते. ही गोष्ट त्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलीचं दुखणं महिनाभर चाललेलं. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की पोट धरून बसायची, रविवारी त्या मानानं बरी असायची. जंताचं औषध झालं, ॲसिडिटीचं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, एकदा समुपदेशकांना दाखवा. रविवारी बरं वाटतं म्हणजे शाळेची भीती, असं मीही ऐकता ऐकता ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर अशी घाई अंगवळणी पडते.

मी मुलांना कागदावर शरीराची आकृती काढून देते आणि म्हणते, दुखतं तिथे रंगव. तिनं पोटावर लाल खडू फिरवला, हळूहळू खाली नेला आणि थांबली. आईकडे बघितलं.

"तिथे नाही रंगवायचं. ते शेम शेम असतं."

"बरं, नको रंगवू. तिथे काय होतं?"

"शू करताना मिरची लागते."

आईच्या हातातला मोबाइल मांडीवरच पडला. "मला का नाही सांगितलंस गं?" मुलगी गप्प. काय सांगणार होती? त्या जागेला घरात नावच नव्हतं. जे होतं, ते उच्चारलं की सगळे हसायचे नाहीतर डोळे वटारायचे. 'पोट' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द, म्हणून तिनं तो वापरला.

अशी तक्रार आली की कुणी त्रास दिला का, याचीही चौकशी करावी लागते. पण उत्तर मुलाच्या तोंडात घालायचं नाही. "शाळेत शूला जातेस तेव्हा काय काय होतं, सांग बघू," एवढंच विचारलं. तिनं सांगितलं ते कडीबद्दल. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलेली, कुणीही दार ढकलायचं. म्हणून ती शूला जायचीच नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायची नाही. पाण्याची बाटली भरलेलीच परत येते म्हणून घरी ओरडा मात्र रोज खायची. (वेगळं काही निघालं असतं, तर ते आमच्यातच ठेवायची मला मुभा नव्हती. मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मी पालकांना आधीच सांगून ठेवते.)

लघवीची तपासणी झाली, संसर्ग निघाला. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यात पाणी कमी आणि लघवी दाबून ठेवलेली, म्हणजे संसर्गाला आयतं निमंत्रण. डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स पूर्ण केला आणि पोटदुखी थांबली.

दुसऱ्या भेटीत आई पुन्हा मूळ मुद्द्यावर आली. "शब्द शिकवा हो. पण एकदा सुरुवात केली की पोरं पुढचं विचारतात. करून बघतात." पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चाललं होतं. ही भीती नवी नाही. २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात मोठं वादळ झालं आणि तो कार्यक्रम थांबला. तो तर मोठ्या मुलांसाठी होता. पण तेव्हापासून शरीराबद्दल काहीही बोललं की लोकांना 'तेच' ऐकू येतं.

मी तिला तिसरीच्या तासाची वही दाखवली. अवयवांची नावं, शी झाल्यावर पुढून मागे धुणं, 'नको' म्हणता येणं, लपवून ठेवायला सांगितलेली गोष्ट कुणाला सांगायची, १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर. चौथीत पाळीची ओळख, कारण काही मुलींना नवव्या-दहाव्या वर्षीच पाळी येते आणि रक्त बघून त्या हबकतात. स्त्री-पुरुष संबंधांचा त्यात विषयच नाही. इंग्लंडमध्येही या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. तिथे सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळेत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे, पण लैंगिक शिक्षणाच्या तासातून पालक मुलाला बाहेर ठेवू शकतात. आणि करून बघण्याचं म्हणाल, तर युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणामुळे मुलं लवकर त्या वाटेला लागतात, असं त्यात दिसलेलं नाही.

आकड्यांनी ती फारशी हलली नाही. हलली सासूबाईंमुळे. 'शेम शेम' हा शब्द त्यांचाच. पण नातीला काय झालं होतं ते कळल्यावर निफाडकडच्या त्या बाई म्हणाल्या म्हणे, "गाय व्यायली की जार पडला का, हे आम्ही पोरं ओरडून विचारायचो. कुणी लाजायचं नाही. माणसाचंच काय मेलं एवढं?"

तास झाला. 'गुड टच, बॅड टच' हे शब्द मी वापरत नाही. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, लाडही करतो, आणि त्याचा स्पर्श 'बॅड' वाटेलच असं नाही. मी विचारलं, रंगपंचमीला कुणाकुणाला नको म्हटल्यावरही रंग लावलाय? जुन्या नाशकातल्या रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदांच्या, गर्दीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत सगळ्यांच्या कहाण्या निघाल्या. सगळे हात वर, मुलग्यांचेही. मग 'नको'चा अर्थ मला वेगळा सांगावा लागला नाही. नावांच्या वेळी खिदळणं झालंच. मागून एक जण म्हणाला, "बाई, लिंग तर व्याकरणात असतं!" त्यावर मीही हसले. तिसऱ्यांदा शब्द उच्चारेपर्यंत वर्ग जांभया द्यायला लागला होता. हे दर वेळी असंच होतं.

मात्र एका तासानं भागत नाही, हे मी शाळेला लेखी दिलं. कडीचंही दिलं. कडी बसायला बारा दिवस लागले.

शेवटच्या भेटीला ती मुलगी पाण्याची बाटली गळ्यात अडकवूनच आली. अर्धी संपवली, खुर्चीवरून उतरली आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या बाथरूमला कडी आहे ना?"

"आहे."

"मग जाऊन येते."